इतिहासात बी.ए. करताय? तीन वर्षांत पदरात काय पाडून घ्यायचं

२०२३ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी आधी मराठवाड्यातल्या, मग राज्यभरातल्या कचेऱ्यांमधली जुनी गाठोडी सुटू लागली. कोतवाल बुकं, पाहणीपत्रकं, जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, शाळांची जनरल रजिस्टरं. त्यात कित्येक पानं मोडी लिपीत, काही उर्दूत. कागद होते, वाचणारे कमी पडत होते. राज्यातून दरवर्षी हजारो मुलंमुली इतिहास घेऊन पदवीधर होतात, पण त्यातल्या बहुतेकांनी मोडीचा कागद पाठ्यपुस्तकातल्या चित्रातच पाहिलेला असतो. मीही त्यातलीच एक होते. पदवी हातात आली तेव्हा पानिपतची कारणं आणि परिणाम मला झोपेतून उठवून विचारले असते तरी सांगता आले असते. पानिपतच्या काळातलं एक पत्र मात्र वाचता आलं नसतं.

म्हणून या लेखाचा रोख एकाच गोष्टीवर आहे. नोट्स आणि अपेक्षित प्रश्नसंच यांवर पदवी निघते, त्यासाठी माझ्या सल्ल्याची गरज नाही. तीन वर्षांत अस्सल साधन स्वतः वाचता यायला हवं असेल, तर कधी काय करायचं ते खाली लिहिते.

अर्ज भरण्याआधी

कॉलेज निवडताना इमारत आणि अंतर सगळेच बघतात. तुम्ही तीन गोष्टी आणखी विचारा. पहिली, इतिहास हा विषय तिथे तिसऱ्या वर्षापर्यंत मुख्य विषय म्हणून चालतो का. काही ठिकाणी पहिल्या वर्षी इतिहास असतो, पण पुढे स्पेशलला पुरेशी मुलं नाहीत म्हणून तो वर्गच उघडत नाही, आणि मग दुसऱ्या वर्षी धावाधाव होते. दुसरी, इतिहासाला पूर्णवेळ शिक्षक किती, आणि तासिका तत्त्वावरचे किती. तासिकेवरचे प्राध्यापक कमी शिकवतात असं मुळीच नाही, माझ्या सगळ्यात चांगल्या बाई तासिकेवरच होत्या. पण त्या पुढच्या वर्षी असतील की नाही हे त्यांनाही माहीत नसायचं. तिसरी गोष्ट ग्रंथालय. ग्रंथपालांना नम्रपणे विचारून इतिहासाच्या कपाटापर्यंत जा. तिथे फक्त गाईडांच्या दहा-दहा प्रती दिसल्या तर ओळखा. इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे दोन-चार खंड आणि जिल्ह्याचं गॅझेटिअर जरी धूळ खात पडलेलं दिसलं, तरी कधी काळी त्या विभागात कुणीतरी जाणतं माणूस होतं एवढं नक्की.

घरी काय सांगायचं

खरं सांगायचं. नुसत्या इतिहासाच्या बी.ए.वर नोकरी सहसा लागत नाही. पुढे काहीतरी जोडावं लागतं, आणि ते काय जोडायचं याचा अंदाज दुसऱ्या वर्षापर्यंत यायला हवा.

शाळेत शिकवायचं तर बी.एड. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए. आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. महाराष्ट्र आणि गोव्याची सेट पुणे विद्यापीठ घेतं. त्यानंतरही कायम जागेसाठी वाट बघावी लागते, हे आईवडिलांपासून लपवू नका. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांसाठी एक बदल मोलाचा आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे आणि तिच्यात वैकल्पिक विषय आला आहे, त्यामुळे इतिहास नीट लिहिता येणाऱ्याला पूर्वीपेक्षा जास्त उपयोग. पण मी अशी मुलं पाहिली आहेत की जी पहिल्या वर्षापासून फक्त आयोगाच्या अभ्यासक्रमापुरता इतिहास वाचतात. सहा वर्षांनी पद मिळालं नाही की हातात पदवीही अर्धी कच्चीच उरते.

पुरातत्त्वाची ओढ असेल तर पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे. अभिलेखागार, संग्रहालयं, पर्यटन, वकिली, पत्रकारिता याही वाटा आहेत. आणि मोडी लिप्यंतर. जमिनीचे वाद, देवस्थानांचे हक्क, जातपडताळणी, वंशावळ अशा कामांसाठी लोक जुने कागद घेऊन वाचणाऱ्याचं घर शोधत येतात आणि पानामागे पैसे देतात. श्रीमंत कुणी होत नाही. पण पदवीचं शिक्षण चालू असताना स्वतःच्या विषयातून चार पैसे मिळवण्याची ही जवळजवळ एकच वाट मला ठाऊक आहे.

मेजर, मायनर आणि क्रेडिटचं गणित

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे रचना बदलली आहे. तीन वर्षांनी नेहमीची पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. संशोधनासह ऑनर्स करायचं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा जास्त गुण लागतात, म्हणून ज्यांच्या मनात पुढे पीएच.डी. आहे त्यांनी पहिल्या सत्रापासूनच गुणांकडे दुर्लक्ष करू नये. मेजर म्हणजे मुख्य विषय कधी ठरतो हे विद्यापीठागणिक वेगळं आहे. काही ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय सारख्या वजनाचे असतात आणि दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर होतो, काही ठिकाणी सुरुवातीलाच ठरवून द्यावं लागतं. आपल्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून अभ्यासक्रमाची पीडीएफ उतरवून घ्या आणि छापून भिंतीवर लावा. ‘सर सांगतील’ म्हणून थांबू नका.

मायनर म्हणजे जोडीच्या दुय्यम विषयाबद्दल माझं मत ठाम आहे: भाषा किंवा भूगोल. राज्यशास्त्र मायनर घेण्याची रीत आहे, कारण अर्धा अभ्यास सामाईक होतो. सामाईक होतो हेच त्याचं दुखणं. सह्याद्रीतला घाट, नदीचं खोरं, पावसाची छाया हे कळल्याशिवाय मराठ्यांच्या लष्करी हालचाली कळत नाहीत, आणि ते भूगोलाच्या वर्गात कळतं. अर्थशास्त्राची भीती वाटत नसेल तर तेही उत्तम.

गोव्यातल्या मुलांनी पोर्तुगीजचा वर्ग मिळाला तर सोडू नये. पणजीच्या पुराभिलेखागाराची परंपरा १५९५ पर्यंत मागे जाते, दियोगु दु कोतु हा त्याचा पहिला रखवालदार. तिथले कागद वाचू शकणारे मराठीभाषक विद्यार्थी फारच थोडे आहेत. मराठवाड्यातल्यांनी उर्दू लिपी शिकावी, निजामकाळाचं दार तिथूनच उघडतं. सतराव्या शतकावर काम करायचं स्वप्न असेल तर फारसीला पर्याय नाही, पण ती पदवीनंतर घेतली तरी चालते.

पहिलं वर्ष: वाचण्याची सवय

परीक्षा मराठीतून लिहा, त्यात कमीपणा काही नाही. वाचन मात्र दोन्ही भाषांत लागतं, कारण प्राचीन भारत आणि जागतिक इतिहासावरचं बरंच चांगलं लिखाण इंग्रजीतच आहे. कॉलेजला आले तेव्हा माझं इंग्रजी बेतास बात होतं. रोज चार पानं, शब्दकोश मांडीवर, आणि प्रत्येक परिच्छेदाचं मराठीत एक वाक्य वहीच्या समासात, एवढंच मी केलं. पहिलं पुस्तक संपायला तीन महिने लागले, दुसऱ्याला पाच आठवडे.

इतिहासाचं पुस्तक कादंबरीसारखं पहिल्या पानापासून वाचायचं नसतं. आधी शेवटची पानं उलटा: तळटीपा, संदर्भसूची. लेखकाने कोणते कागद पाहिले, कोणत्या भाषांतले, आणि कोणते पाहिलेच नाहीत, हे तिथे कळतं. मग प्रस्तावना. मग ज्या प्रकरणाची गरज आहे ते. वाचताना तीन रंगांची भानगड न करता एकच खूण करा: जिथे लेखक ‘असावा’, ‘बहुधा’, ‘साहजिकच’ म्हणतो तिथे. ‘साहजिकच’ हा शब्द आला की पुरावा संपला आहे असं समजायला हरकत नाही.

इतिहासलेखनशास्त्राचा पेपर सगळ्यांना रुक्ष वाटतो, कारण तो नावांच्या यादीसारखा शिकवला जातो. तो असा करून बघा. शिवाजी महाराज हा एकच विषय घ्या. ग्रँट डफ साताऱ्याला इंग्रजांचा अधिकारी होता, त्याचा ग्रंथ १८२६ चा. जोतीराव फुल्यांचा पवाडा १८६९ चा, त्यात महाराज ‘कुळवाडीभूषण’ आहेत. न्यायमूर्ती रानड्यांचं पुस्तक १९०० चं, त्यात मराठ्यांच्या उदयामागे संतांनी घडवलेली जागृती उभी आहे. या तिघांची तीस-तीस पानं शेजारी ठेवून वाचली की लेखक कुठे उभा आहे त्यावर त्याला काय दिसतं हे ठरतं, ही गोष्ट कुणी वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आणि हे वाचताना बिचकू नका. ग्रँट डफच्या ग्रंथावर मराठीतली पहिली जोरकस टीका नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांनी १८६७ च्या सुमारास पुण्यात वाचून दाखवली, तेव्हा ते कॉलेजात शिकत होते.

तारखांचं काम

तारखा पाठ करणं हे या विषयाचं बदनाम अंग. पण तारीख पाठ करणं वेगळं आणि तारीख काढता येणं वेगळं. दुसरं येत नसेल तर जुना कागद वाचूनही तुम्ही त्याच्या बाहेरच राहता. हे काम पहिल्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीत उरकून टाका, पंधरा दिवस पुरतात.

शक आधी घ्या. शालिवाहन शकात चैत्र ते साधारण डिसेंबरअखेर ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनापर्यंत ७९. पानिपतची लढाई शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी. पौष जानेवारीत आला, म्हणून १६८२ अधिक ७९, म्हणजे १७६१. तारीख १४ जानेवारी. ७८ मिळवून मोकळं होणारा विद्यार्थी पानिपत वर्षभर आधीच लढवतो, आणि उत्तरपत्रिकांत तसं झालेलं मी पाहिलं आहे.

पेशवाईतल्या कागदांवर बहुधा सुहूर सन म्हणजे अरबी सन असतो, तो मृग नक्षत्र लागलं की बदलतो, आणि तो आकड्यांत न लिहिता अरबी शब्दांत लिहिलेला असतो. आधी एकं, मग दहं, मग शतक, मग सहस्र. इहिदे म्हणजे एक, इसन्ने दोन, सलास तीन, आर्बा चार, खमस पाच, सीत सहा, सबा सात, समान आठ, तिसा नऊ, अशर दहा. पुढे अशरीन वीस, सलासीन तीस, आर्बैन चाळीस, खमसैन पन्नास, सितैन साठ, सबैन सत्तर, समानीन ऐंशी, तिसैन नव्वद. मया शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार. आता ‘इहिदे सितैन मया अलफ’ वाचा: एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे ११६१. मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. जानेवारीतली पानिपतची लढाई ११६१ अधिक ६००, पुन्हा १७६१. दोन्ही वाटांनी एकाच ठिकाणी आलो की हिशेब बरोबर. हे अंक मी बसच्या तिकिटांच्या मागे लिहून पाठ केले होते. आज आठवणीत बसलेत ते तसेच.

खरी मजा सतराव्या शतकात आहे. गोव्यातल्या पोर्तुगिजांनी नवं ग्रेगरियन कॅलेंडर सोळाव्या शतकातच स्वीकारलं, इंग्रजांनी ते १७५२ मध्ये. त्यामुळे शिवकालात एकाच दिवसाची तारीख सुरतेच्या इंग्रज वखारीत आणि पणजीच्या बाजूला दहा दिवसांनी वेगळी पडते. त्यात इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणून जानेवारी १६६४ मधली सुरतेची लूट त्यांच्या कागदांत १६६३ सालात दिसते. दोन इतिहासकारांच्या पुस्तकांत दहा दिवसांचा फरक दिसला की कोण चुकलं ते शोधण्याआधी कुणी कोणतं कॅलेंडर वापरलं ते बघा.

आणि हा विषय नुसता पंचांगाचा नाही. शिवजयंतीचा वाद आठवा. वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९ ही तिथी बखरींतून आलेली. फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या तारीखवार घटनांच्या यादीत, आहे, आणि ती शकावली लोकमान्य टिळकांनी उजेडात आणली. इतिहासकारांच्या समित्या बसल्या, शेवटी शासनाने १९ फेब्रुवारी धरली. साधनांची पारख म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला शिकवायला याहून जवळचं उदाहरण नाही. या वादावर दोन्ही बाजूंचे युक्तिवाद प्रत्येकी एका पानात लिहून बघा. दुसऱ्या बाजूचं पान लिहिताना हात अडखळला तर ते पान पुन्हा लिहा.

दुसरं वर्ष: साधनं समोरासमोर

एक प्रसंग निवडायचा आणि त्याची तीन साधनं एका टेबलावर आणायची. मी शिकवताना रायगडचा राज्याभिषेक देते, ६ जून १६७४. बखरकार कृष्णाजी अनंत सभासद राजाराम महाराजांच्या काळात जिंजीत बसून लिहितो, म्हणजे प्रसंगाला दोन दशकं उलटलेली, पण माणूस त्या दरबारातला. हेन्री ऑक्झिंडेन इंग्रजांचा वकील म्हणून तहासाठी गडावर प्रत्यक्ष हजर होता. मल्हार रामराव चिटणीसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरची, पण त्यांच्या घरात दप्तर होतं.

आता प्रश्न विचारा. कोण हजर होतं? कुणासाठी लिहिलं? लिहिणाऱ्याला काय विकायचं किंवा मागायचं होतं? ऑक्झिंडेनला नजराणे, दरबारातली बसण्याची रीत, सिंहासनाजवळ भाल्यांवर लावलेली सोन्याची चिन्हं दिसतात, धार्मिक विधी त्याला परका. सभासद सिंहासन बत्तीस मण सोन्याचं सांगतो. इथे थांबा. मण कुठला? तेव्हाचे मण प्रांताप्रांतात वेगळे होते. आकडा खरा की गौरवाचा हे ठरवण्याआधी माप कळायला हवं. असा एक प्रश्न वहीत लिहून ठेवा आणि त्याचं उत्तर लगेच सापडलं नाही तर अस्वस्थ होऊ नका. वर्षभर उघडे राहिलेले असे सात-आठ प्रश्न हीच पुढच्या प्रकल्पाची पुंजी असते.

या वर्षात आणखी एक अडचण येते, ती वर्गाबाहेरची. तुम्ही इतिहास शिकता हे कळलं की भावकीत, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत कुणीतरी मोबाईल पुढे करून विचारतं, हे खरं का? महाराष्ट्रात इतिहास हा फार तापलेला विषय आहे. वाद घालू नका आणि माघारही घेऊ नका. ‘हे कोणत्या कागदात आहे, काका?’ एवढंच विचारायचं. बहुतेक वेळा गप्पा जिलेबीकडे वळतात.

मोडी

मोडी शिकायला सहा महिने लागतात असं कुणी म्हणालं तर अर्धं खरं माना. अक्षरओळख तीन आठवड्यांत होते. कागद सरळ वाचता यायला वर्षही लागतं. पुराभिलेखागाराकडून आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडून वेळोवेळी वर्ग भरतात, कित्येक कॉलेजांत आणि आता ऑनलाइनही भरतात. मंडळ १९१० मध्ये राजवाडे आणि मेहेंदळे यांनी सुरू केलेलं, तिथल्या वाचनालयात एकदा तरी बसून या.

वर्ग लावा किंवा लावू नका, क्रम असा ठेवा. आधी लिहायला शिका, वाचायला नंतर. मोडीत आधी पानभर शिरोरेषा ओढतात आणि मग हात शक्य तितका न उचलता अक्षरं तिला लटकवत जातात. हाताला ही चाल कळली की डोळ्यांना अक्षराची सुरुवात आणि शेवट सापडतो. स्वतःची बाजारहाटाची यादी मोडीत लिहा, रोज. बाराखडी पूर्ण घोटा, कारण काना-वेलांटी अक्षरातच मिसळते आणि ओळखीचं अक्षर अनोळखी दिसू लागतं. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही, तिथे तो भेदच नाही. शब्द तोडलेले नसतात, ते तुम्ही तोडायचे.

मग पेशवेकालीन पत्रं घ्या. वळण टपोरं आणि घोटीव असतं. इंग्रजी अमदानीतली मोडी नंतर घ्या, ती टाकाने भरभर लिहिलेली आणि बारीक. कुणबी नोंदींचे कागद बहुतांश त्या वळणाचे, हे लक्षात ठेवा.

आता एक युक्ती, जी मला फार उशिरा कळली. जुनी पत्रं ठरावीक मजकुराने सुरू होतात आणि संपतात. ‘अखंडितलक्ष्मीआलंकृत राजमान्य राजश्री’ हे तुम्हाला पाठ असेल, तर पहिली ओळ वाचायची नसतेच, जुळवायची असते. त्या ओळीवरून त्या कारकुनाचे अ, ख, ल, र, श कसे वळतात ते कळलं की तीच अक्षरं खालच्या मजकुरात शोधायची. शेवटाला ‘जाणिजे’, ‘बहुत काय लिहिणे’, ‘मोर्तब सुद’. मध्ये ‘मौजे’, ‘कसबे’, ‘तर्फ’, ‘सबब’, ‘बितपशील’, ‘येणेप्रमाणे’. अशा साठ-सत्तर शब्दांची यादी करून ठेवली तर निम्मा कागद ओळखीचा होतो. न वाचता आलेल्या शब्दाच्या जागी टिंबं द्या. अंदाजाने शब्द घालायचा नाही. घातलाच तर चौकटी कंसात, प्रश्नचिन्हासह.

परीक्षेपुरतं

थोडक्यात: दीर्घोत्तरी प्रश्नात पहिल्या चार ओळींत उत्तर सांगून टाका, मग पुरावे. ‘प्रस्तावना’ असं शीर्षक देऊन पाऊण पान पार्श्वभूमी लिहू नका, तपासणाऱ्याचा हात तिथेच थकतो. एखादा नकाशा काढा, हाताने, ओबडधोबड चालेल. टीपांना वेळ राखून ठेवा. अंतर्गत गुणांचं काम वेळेत द्या.

दप्तरखान्यातला पहिला दिवस

पुण्याच्या पेशवे दप्तरात सुमारे ३९ हजार रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं. मुंबईचं पुराभिलेखागार एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही कार्यालयं आहेत. तुम्हाला जे जवळ पडेल तिथे तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला जा.

कॉलेजचं शिफारसपत्र, ओळखपत्र, आधारची प्रत सोबत घ्या. पत्रात विषय नेमका हवा. ‘मराठ्यांचा इतिहास’ असं लिहिलंत तर कर्मचारी तुमच्याकडे दयेने बघतील, ‘अमुक परगण्यातल्या अमुक गावचे १७९० ते १८१८ चे जमाबंदीचे कागद’ असं लिहिलंत तर कदाचित स्वतः उठून सूची काढून देतील. पेन बाहेर ठेवा, शिसपेन्सिल न्या. नाकाला बांधायला हातरुमाल न्या, धूळ असते. फोटोची परवानगी आणि नकलेची फी आधी विचारा.

पहिल्या दिवशी काही सापडत नाही. सूची वाचायची, मागणीची चिठ्ठी भरायची, वाट बघायची. मी पहिल्या आठवड्यात एक सुरेख कागद उतरवून घेतला, एका पाटलीणबाईने वतनासाठी केलेली तक्रार, आणि आनंदाच्या भरात रुमालाचा क्रमांकच लिहायचा विसरले. तो कागद मला पुन्हा मिळाला नाही, प्रबंधात वापरता आला नाही, आणि आजही कुठल्याशा रुमालात तो पडला असेल. म्हणून वहीचं पान उघडलं की आधी दप्तर, रुमाल आणि कागदाचा क्रमांक, तारीख, मगच मजकूर.

ज्यांना जाणं जमत नाही त्यांनी राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ चाळावं. जेम्स कॅम्बेलने संपादित केलेली मुंबई इलाख्याची जिल्हावार गॅझेटिअरं इंटरनेटवर फुकट मिळतात. साताऱ्याचा खंड १९ वा, १८८५ चा. आपल्या जिल्ह्याचा खंड उतरवा आणि आपल्या तालुक्याचं नाव शोधा. वाचताना एवढं ध्यानात असू द्या की ते साहेबाच्या सारावसुलीच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. जातींबद्दलची वर्णनं तर चिमट्याने उचलावीत अशी.

प्रकल्प: गाव घ्या

नव्या रचनेत क्षेत्रीय प्रकल्पाला क्रेडिट आहेत. बहुतेक मुलं ‘१८५७ चा उठाव’ घेतात आणि इंटरनेटवरून चाळीस पानं जमवतात. तुम्ही आपलं गाव घ्या, तेही पूर्ण नको. एक विहीर, एक बाजार, एक शाळा, एक दुष्काळ.

कागद कुठे मिळतील? शाळेच्या जनरल रजिस्टरात पहिली मुलगी कोणत्या साली दाखल झाली ते असतं, तिची जात आणि बापाचा धंदा असतो. जुने फेरफार आणि सातबारे तलाठी कार्यालयात आणि तालुक्याच्या अभिलेख कक्षात. त्र्यंबक, नाशिक, पंढरपूरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत तुमच्या पणजोबांची सही सापडू शकते. घराघरांतली खरेदीखतं पत्र्याच्या पेटीत असतात. ती दाखवायला लोक कचरतात, जमिनीचा वाद उकरायला आलाय की काय म्हणून. आधी चहा प्या, दुसऱ्या खेपेला पेटी मागा.

दगडही वाचा. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाचा कोरीव दगड, खालून वर वाचायची: तळाच्या चौकटीत लढाई, मधे अप्सरा वीराला नेताना, वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. गाढवाची आकृती असलेली गद्धेगाळ दिसली तर तिच्यावर दानलेख असू शकतो. अक्षरं दिसावीत म्हणून खडू, तेल, रंग काही फासू नका. संध्याकाळी उतरत्या उन्हात या, किंवा अंधार पडल्यावर टॉर्च बाजूने तिरका धरा, झिजलेली अक्षरंही वर येतात.

माणसं मात्र सगळ्यात आधी गाठा, कागद थांबतील. म्हाताऱ्यांना सन आठवत नाही, घटना आठवतात. कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७), पानशेतचा पूर (१२ जुलै १९६१), बहात्तरचा दुष्काळ, मराठवाड्यात रझाकारांचे दिवस. ‘भूकंपाच्या वेळी तुझं लग्न झालं होतं का, आजी?’ असं विचारलं की सन आपोआप लागतो. ‘तुमचं बालपण कसं होतं?’ हा प्रश्न टाळा, त्यावर ‘चांगलं होतं’ असंच उत्तर येतं. पाणी कुठून आणायचात, दुष्काळात खडी फोडायला कुठे जायचात, सुकडी कोण वाटायचं, त्या रांगेत कोण कुठे उभं राहायचं, हे विचारा. रेकॉर्डिंगची परवानगी आधी घ्या आणि ती परवानगीही रेकॉर्ड करा. एकाच घटनेबद्दल वरच्या आळीत एक आणि खालच्या वस्तीत एक मुलाखत हवीच. दोन्हींत बहात्तरचा दुष्काळ एकसारखा निघाला तर तुम्ही नीट विचारलेलं नाही.

लिहून झालं की तीन प्रती काढा. एक कॉलेजला. एक गावच्या शाळेत. तिसरी घेऊन जिने सगळ्यात जास्त सांगितलं त्या आजीकडे जा आणि तिच्या नातवाला तिच्यासमोर मोठ्याने वाचायला लावा. ती मध्येमध्ये थांबवेल, ‘असं नव्हतं ते’ म्हणेल. पेन्सिल खिशात ठेवा आणि तिच्या दुरुस्त्या समासात, तारखेसह, लिहून घ्या.